बंद कारखाना जपायचा तर झाडू शेवटी

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९३०च्या सुमाराचा एक कारखाना वीस वर्षांपासून बंद आहे. करवतीच्या दात्यांसारखे छप्पर, पोलादी सांगाडा, त्यात भरलेल्या विटांच्या भिंती, काही भाग काँक्रीटचा. कामगारांच्या उपाहारगृहात चुन्याच्या गिलाव्यावर मोठे भित्तिचित्र, प्रवेशद्वारावर रंगीत फरशांची नक्षी, बाहेरच्या भिंतीवर रंगवलेली जुनी जाहिरात, आणि कारखाना बंद पडल्यावर आत शिरलेल्यांनी स्प्रे रंगाने काढलेली चित्रे. यंत्रे बरीचशी जागेवर. इथे सांस्कृतिक केंद्र करायचे ठरले आहे, पण निधी यायला दोन वर्षे लागतील. तोवर स्वयंसेवकांकडून साफसफाई करून घ्यावी का, आणि भित्तिचित्र काढून सुरक्षित ठिकाणी हलवावे का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि दोन्हींमागचे कारण एकच आहे. अशा जागेत वास्तू वेगळी, यंत्र वेगळे, चित्र वेगळे असे काही नसते. चित्राचा आजार भिंतीत असतो, भिंतीचा छपरात. आणि जमिनीवरचा तेलाचा थर, खांबावर खडूने लिहिलेले पाळीचे आकडे, पट्ट्याने घासून गुळगुळीत झालेली तुळई हा कचरा नसून पुरावा आहे. औद्योगिक वारशाविषयीच्या २००३च्या निझ्नी तागिल सनदेतही हे स्पष्ट आहे: कामातून वस्तूवर चढलेली झिलई हा त्या जागेच्या मोलाचाच भाग मानावा, हस्तक्षेप कमीत कमी आणि उलटवता येण्याजोगा असावा. स्वयंसेवकांच्या एका रविवारच्या उत्साहात जेवढा पुरावा जातो तेवढा वीस वर्षांच्या पावसातही जात नाही.

पहिले काम पाण्याचे

करवती छपराची खरी दुखरी जागा काच नव्हे, दोन दात्यांमधली पन्हळ. हिशेब करून पाहा. एका दात्याची रुंदी ८ मीटर आणि लांबी ६० मीटर धरली तर ४८० चौरस मीटरचे पाणी एका पन्हळीत येते. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते २४,००० लिटर होते. पन्हळीच्या तोंडाशी कबुतराचे एक घरटे असले, की हे सगळे पाणी आत, थेट भिंतीच्या माथ्यावर. म्हणून पहिल्या आठवड्यात पन्हळी साफ करणे, फुटलेल्या ठिकाणी तात्पुरती जोड देणे आणि प्रत्येक नळीत बादलीभर पाणी ओतून ते खाली कुठे निघते ते पाहणे, एवढेच करा. छपरावर सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे असतील तर त्यावर चालायचे नाही, जोरदार फवाऱ्याने धुवायचे नाही, भोके पाडायची नाहीत. जुना पत्रा माणसाचे वजन पेलत नाही, आणि फवाऱ्याने तंतू मोकळे होतात.

पाणी ओतले आणि खाली कुठेच निघाले नाही, तर बिडाच्या खांबांकडे बघा. जुन्या कारखान्यांत पोकळ खांबातूनच पावसाचे पाणी उतरवण्याची पद्धत होती. बाहेरून खांब ठणठणीत दिसतो आणि आतून गंजून पातळ झालेला असतो. थंड प्रदेशात तुंबलेले पाणी गोठून खांब उभा चिरतो. छोटा कॅमेरा आत सोडून पाहा, जाडी अल्ट्रासॉनिक यंत्राने मोजा. दुरुस्ती सोपी आहे: पाणी खांबातून काढून घेऊन बाहेर, डोळ्यांना दिसेल अशा नळीत न्यायचे. खांब जागेवर राहतो. चिरलेल्या बिडाला सरसकट वेल्डिंग करू नये. उष्णतेने शेजारी नवी चीर जाते. त्यासाठी धातूचे टाके घालण्याची थंड पद्धत आहे.

तात्पुरते झाकण ताडपत्रीचे नको. वाऱ्याने ती फडफडते, काही महिन्यांत फाटते आणि फाटकी कड ज्याच्यावर आपटत राहते ते खरवडून काढते. बांबूच्या किंवा पोलादी परांचीवर नालीदार पत्रे चांगले. खिडक्या फळ्यांनी बंद कराल तेव्हा खाली आणि वर जाळीदार झडपा ठेवा. हवा न खेळणारी इमारत आतून घाम गाळते आणि बुरशी धरते. आणि वीज. जुनी वायरिंग मुख्य जोडणीपासून तोडून टाका, पहाऱ्यासाठी वेगळी नवी लाइन घ्या. बंद कारखान्यांचा सगळ्यात मोठा शत्रू आग आहे, गंज नंतर.

त्याच आठवड्यात घातक पदार्थांची यादी तज्ज्ञाकडून करून घ्या. वाफेच्या नळ्यांवरचे अ‍ॅस्बेस्टॉसचे वेष्टन, जुन्या ट्रान्सफॉर्मर-कपॅसिटरमधले विषारी पीसीबी तेल, मापकांतला पारा, शिशाचा रंग, कबुतरांच्या विष्ठेची कोरडी धूळ. ही यादी हातात येईपर्यंत कोणालाही आत काम करू देऊ नये. झाडूला मनाई करण्याचे हे दुसरे कारण.

नोंद

लेझर स्कॅन करून घेतला म्हणजे नोंद झाली, असा एक गोड गैरसमज आहे. स्कॅन आकार सांगतो. कोणती नळी कशासाठी होती ते सांगत नाही. म्हणून आराखड्यांच्या आधी प्रक्रियेचा नकाशा काढा: कच्चा माल कुठून आत आला, कुठल्या यंत्रावर गेला, वाफ, पाणी, वीज, हवा कुठून आली, माणसे कुठून फिरली, पक्का माल कुठून बाहेर पडला. हे काम तिथे राबलेल्या कामगारांना सोबत घेऊन, जागेवर चालत चालत करायचे, आवाज ध्वनिमुद्रित करून. त्यांचे वय लक्षात घेता हे पुढच्या वर्षावर टाकू नये.

मग मोजमाप. इमारतीचे आराखडे १:५० प्रमाणात, खिडक्या-जोड-कठडे १:५ मध्ये, भित्तिचित्र आणि फरशांची नक्षी प्रत्यक्ष आकारात वाचता येईल अशा छायाचित्रणाने. फोटोंवरून त्रिमितीय प्रतिमा करायची तर लगतच्या दोन फोटोंत ६० ते ८० टक्के भाग समान हवा, प्रकाश सपाट हवा, प्रत्येक मालिकेत रंगपट्टी आणि मोजपट्टी दिसली पाहिजे. चित्राचा दुसरा संच तिरप्या प्रकाशात घ्या. दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून ठेवला की फुगवटे, सुटलेले पापुद्रे, चुना ओला असताना रोज किती भाग पूर्ण केला त्याचे सांधे, सगळे उठून दिसते.

रंगांचेही तसेच. दारे, तुळया, यंत्रे यांवर प्रत्येक ठिकाणी धारदार सुरीने रंगाची पायरी काढायची: अंदाजे २ सेंटिमीटरचे चौकोन, प्रत्येकात एक थर कमी, शेवटी मूळ धातू. वरच्या पिवळ्या थराखाली हिरवा, त्याखाली करडा असे निघते आणि त्यावरून कोणत्या काळात कोणता विभाग कोणत्या रंगात होता ते समजते. पोलादी तुळयांच्या पोटावर त्या लाटणाऱ्या पोलाद गिरणीचे नाव बरेचदा उठावात असते, तेही टिपून ठेवा. वाळूच्या फवाऱ्याने साफ केल्यावर ते बोथट होते.

कार्यालयात निळ्या कागदांवर पांढऱ्या रेषांचे जुने नकाशे सापडतील. त्यांच्याबाबत एक चूक वारंवार होते. अभिलेखागारात कागदासाठी सर्रास वापरतात ती अल्कधर्मी खोकी या नकाशांना चालत नाहीत, निळा रंग उडतो. त्यांना उदासीन, अल्कली न मिसळलेला कागद आणि अंधार हवा.

भिंत: गंज, चुना, काँक्रीट

पोलादी सांगाड्याभोवती विटा घट्ट रचलेल्या असतील तर भेगा वाचायला शिका. खांबाच्या रेषेत उभी भेग आणि तुळईच्या पट्टीच्या पातळीत आडवी भेग, शिवाय विटा किंचित बाहेर आलेल्या, म्हणजे आत गंज फुगतो आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा मागतो. अशी भेग वरून सिमेंटने बुजवणे हा सर्वांत वाईट उपाय, कारण पाणी आत राहते आणि फुगणे चालूच. तिथल्या विटा क्रमांक घालून उतरवायच्या, पोलाद घासून स्वच्छ करायचे, जस्तयुक्त प्रायमर आणि त्यावर इपॉक्सी द्यायचे, आणि विटा परत रचताना पोलाद व वीट यांत दबणारी फट ठेवायची. भिंतीच्या दर्शनी भागावर चित्र किंवा फरशा असतील आणि विटा उतरवणे शक्य नसेल तर विद्युतप्रवाहाने गंज रोखण्याची पद्धत विचारात घ्या. ती महाग आहे, कायम देखरेख मागते, पण चित्राला हात लागत नाही.

विटांच्या दरजा चुन्याच्या असतील तर चुन्यानेच भरा. नैसर्गिक हायड्रॉलिक (पाण्याच्या संयोगाने घट्ट होणारा) चुना, ३.५ श्रेणी, १ भागाला अडीच ते ३ भाग खरखरीत वाळू. जुनी दरज तिच्या रुंदीच्या किमान दुप्पट, म्हणजे साधारण २० ते २५ मिलिमीटर खोल हातछिन्नीने काढायची. ग्राइंडर लावला की विटांच्या कडा कापल्या जातात आणि ती जखम भरून येत नाही. पाच अंशांखाली हे काम बंद ठेवा. ताज्या दरजेवर काही दिवस ओले पोते हवेच. सिमेंटने भरलेल्या दरजा मजबूत दिसतात खऱ्या, पण ओल मग दरजेतून न निघता विटेतून निघते आणि वीट भुगा होऊन गळते, दरज तेवढी फासळीसारखी उभी राहते. वाळूच्या फवाऱ्याने विटा उजळवू नका. भट्टीत तयार झालेली बाहेरची कडक साल जाते.

काँक्रीटसाठी आधी चाचणी. ताजा तुटलेला पृष्ठभाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचे १ टक्क्याचे द्रावण फवारा. गुलाबी झाले तिथे अल्कली शिल्लक आहे आणि सळई सुरक्षित आहे. रंगहीन राहिले तेवढी खोली हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने खाल्ली. ही खोली वयाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. समजा ६४ वर्षांत २४ मिलिमीटर गेली, तर गुणांक ३ आला (२४ भागिले ६४चे वर्गमूळ ८). शंभराव्या वर्षी ती ३० मिलिमीटर असेल. सळईवरचे आवरण २५ मिलिमीटर असेल तर ६९व्या वर्षीच मर्यादा ओलांडली, ३५ असेल तर १३६ वर्षे मिळाली. हा ढोबळ हिशेब आहे, भेगा आणि क्षार तो बिघडवतात. पण कुठला खांब आधी हाती घ्यायचा हे त्यावरून ठरते. पॅच भरताना सळईच्या मागूनही काँक्रीट काढा. आणि पॅचच्या कडेला जस्ताचे त्यागी अ‍ॅनोड, म्हणजे सळईऐवजी स्वतः गंजणारे तुकडे, बसवा, नाहीतर दोन-चार वर्षांत गंज पॅचच्या शेजारी, चांगल्या भागात उगवतो.

भित्तिचित्र हलवायचे नाही, तर भिंत कोरडी करायची

चित्राची माध्यमपरीक्षा पहिली. कोपऱ्यात, जिथे नुकसान परवडेल अशा जागी, ओला कापूस हलका फिरवा. रंग लगेच आला तर तो सरसाचा, पाण्यात विरघळणारा. ओल्या चुन्यावर काढलेल्या चित्राचा येत नाही. तैलरंग किंवा उशिराचा कृत्रिम रंग असेल तर विद्रावक बदलतो. या एका चाचणीवर पुढचे सगळे अवलंबून आहे, आणि ती न करता पाण्यातल्या डिंकाने कागद चिकटवणारे लोक चित्र कागदासोबत घेऊन जातात.

मग बोटाच्या पेराने सगळ्या भिंतीवर हलके ठोकत जा आणि पोकळ आवाजाच्या जागा फोटोवर आखा. पडायला आलेल्या पापुद्र्यांवर जपानी कागद लावा. रंग पाण्याला टिकत असेल तर मिथाइल सेल्युलोजने, नसेल तर अ‍ॅसिटोनमधल्या ५ ते १० टक्के पॅरालॉइड बी-७२ या अ‍ॅक्रिलिक राळेने. हा फक्त बँडेज आहे, दोन वर्षे तसाच ठेवण्यासाठी नाही. कागदामागे ओल अडते.

पोकळीत चुन्याचा पातळ मसाला भरण्याआधी वजन मोजा. १ चौरस मीटर पोकळी ५ मिलिमीटर खोल असेल तर ५ लिटर मसाला लागतो, म्हणजे सुटलेल्या गिलाव्यावर सात-आठ किलोंचे जादा ओझे. म्हणून हलका भराव मिसळायचा, आधी पाणी आणि अल्कोहोल समप्रमाणात टोचून आतली धूळ भिजवायची, मसाला खालून वर थोडा थोडा भरायचा, समोरून मऊ गादी लावलेल्या फळीने टेकू द्यायचा. एका दिवसात एक फूटभर उंची पुरे.

आता मूळ मुद्दा. भिंतीतला क्षार पाण्याबरोबर फिरतो आणि पाणी जिथून उडते तिथे स्फटिक होऊन बसतो. आपण ज्याला लोणा म्हणतो तो हाच. भिंत ज्या बाजूने श्वास घेते, लोणा त्याच बाजूला. बहुतेक उपाहारगृहांत भिंतीच्या मागच्या बाजूला कधीतरी सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिकचा रंग फासलेला असतो. मग भिंतीला सुकायला एकच तोंड उरते, चित्राचे. चित्राचे पापुद्रे पडतात आणि लोक चित्रकाराला दोष देतात. उपाय मागे आहे: तो गिलावा उतरवा, विटा उघड्या ठेवा किंवा चुन्याचा त्यागी गिलावा द्या. क्षार त्यात येऊन बसला की तो खरवडून नवा द्यायचा. नाहीतर क्षार ओढून घेणारे ओल्या लगद्याचे पोटीस: सेल्युलोज, केओलिन आणि वाळू, शुद्ध पाण्यात कालवून, १ ते २ सेंटिमीटर जाड, मागच्या बाजूने, पूर्ण सुकेपर्यंत. दोन-तीन फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर लगद्यातला क्षार मोजा, कमी होत नसेल तर ओलीचा स्रोत अजून चालू आहे.

जाड भिंत सुकायला वेळ लागतो. ढोबळ अंदाज २५ मिलिमीटरला एक महिना, म्हणजे ४५० मिलिमीटरच्या भिंतीला दीड वर्ष. निधीची दोन वर्षे वाया गेली असे वाटू द्यायला नको, हेच ते काम. घाईने हीटर लावाल तर तोच क्षार एका झटक्यात चित्राच्या पाठीशी जमेल. साध्या मिठाचे स्फटिक सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला विरघळतात आणि त्याखाली पुन्हा जमतात, त्यामुळे आर्द्रता रोज या रेषेच्या वरखाली होऊ देणे हे सतत ओले राहण्यापेक्षा वाईट. नोंदणीयंत्र एक वर्षभर लावून ठेवा, चारही ऋतू बघा.

चित्र भिंतीवरून सोडवण्याच्या पद्धती आहेत: फक्त रंगथर ओढून काढणे, गिलाव्यासह काढणे, किंवा विटांसकट भिंतीचा तुकडा कापणे. तिन्हींत काहीतरी हरवते, पहिलीत सर्वांत जास्त. इमारत पडणारच असेल तेव्हाच त्या वाटेला जावे.

फरशा, जाहिरात आणि स्प्रेची चित्रे

फरशांच्या नक्षीचे नियम भिंतीचेच. फरशी सुटते ती बहुधा मागच्या पोलादाच्या गंजाने किंवा वरून शिरणाऱ्या पाण्याने, म्हणून आधी वरची छावण दुरुस्त करा. विटांवरची जाहिरात पुन्हा रंगवण्याचा मोह आवरा. शिशाचा पांढरा रंग ज्या अक्षरांना होता तिथे वीट जपली गेली आहे आणि आजूबाजूची झिजली, म्हणून अक्षरे टिकलेली दिसतात. दोन-तीन जाहिराती एकावर एक असतील तर तो गोंधळच तिचा इतिहास. वर पारदर्शक लेप देऊ नये, तो ओल अडवतो आणि काही वर्षांनी पिवळा पडून सालासारखा सुटतो. रात्री प्रकाशझोताने मूळ अक्षरे दाखवणे हा सर्वांत निरुपद्रवी मार्ग आहे.

स्प्रेची चित्रे ‘विद्रूपीकरण’ म्हणून पुसण्याआधी कायद्याकडे पाहा. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या ‘फाइव्ह पॉइंट्झ’ या जुन्या कारखान्याच्या भिंतींवरची चित्रे मालकाने २०१३ मध्ये एका रात्रीत पांढरी फासली. कलाकारांनी दावा केला आणि २०१८ मध्ये २१ कलाकारांना ६७ लाख डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर झाली. २०२० मध्ये अपिलातही निकाल कायम राहिला. आपल्या देशाचा कायदा वेगळा असेल, पण चित्रकाराचा नैतिक हक्क (आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क) हा शब्द करारात आधीच यावा. तांत्रिक बाजू: हे रंग बहुतेक विद्रावकांत विरघळतात, त्यामुळे जुन्या चित्रांवर चालणारे वार्निश इथे चित्रच ओढून नेते. लाल-गुलाबी छटा उन्हात आधी उडतात. आतल्या भिंतीवर असतील तर खिडकीच्या काचेला अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा, बाहेरची असतील तर नीट छायाचित्रे घेऊन त्यांचे आयुष्य मर्यादित आहे हे मान्य करा. सगळीच ठेवायला हवीत असेही नाही. कोणती ठेवायची हे आधी लिहून ठरवा, रंगारी आल्यावर नव्हे.

यंत्रे आणि पुढचा वापर

यंत्र पायावरून हलवले की त्याचे अर्धे मोल गेले. त्याचा पट्टा, खड्डा, छपरातला शाफ्ट, भिंतीतले भोक यांच्यासह ते यंत्र आहे. जुने तेल काढून घ्या, उघड्या चकचकीत भागांना सूक्ष्मस्फटिकी मेण लावा, फिरणारे भाग वर्षातून दोनदा हाताने थोडे फिरवा. वरून नवा चकचकीत रंग देऊ नका. तुटपुंज्या निधीत सगळेच सांभाळता येणार नाही, तेव्हा तीन गट करा: नीट राखायचे, जसे आहे तसे थांबवायचे, आणि कुंपणाआड हळूहळू झिजू द्यायचे. जर्मनीतल्या ड्यूसबुर्गच्या मायडरिख लोखंड कारखान्याचे उद्यान करताना भूदृश्यरचनाकार पेटर लात्सने गंज आणि रानटी झाडे रचनेचाच भाग धरली. जर्मनीतल्याच फोल्क्लिंगेनच्या लोखंड कारखान्यात झोतभट्ट्या १९८६ मध्ये थंड झाल्या आणि १९९४ मध्ये तो जागतिक वारसा झाला. तिथे उभ्या पोलादाचा संपूर्ण समूह हेच मोल आहे. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण आधी ठरवली गेली. रोममधल्या मोन्तेमार्तिनी वीजकेंद्रात १९९७ पासून प्राचीन संगमरवरी मूर्ती प्रचंड डिझेल इंजिनांसमोर उभ्या आहेत आणि इंजिने हलवावी लागली नाहीत. नव्या वापराने जुन्या यंत्राला बाजूला सारलेच पाहिजे असे नाही, एवढे तिथे जाऊन बघण्यासारखे आहे.

वास्तुविशारदाला पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी सांगा. अर्ध्या विटेच्या भिंतींना आतून जाड उष्णतारोधक लावला की भिंत थंड पडते, दव भिंतीच्या आत आणि तुळईच्या टोकांवर जमते, म्हणून तापमानाची गरज असलेली दालने मोठ्या शेडच्या आत स्वतंत्र खोक्यांसारखी उभी करा. आणि जुन्या पोलादी खिडक्या फेकू नका. त्या काढून, सरळ करून, गरम जस्तात बुडवून परत बसवता येतात. आतून दुसरी काच लावता येते. त्यांची बारीक चौकट नव्या अ‍ॅल्युमिनियमने साधत नाही, आणि एवढ्या एका बदलाने करवती छपराचा चेहरा जातो.

आता झाडू. तो दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, घातक पदार्थ निघाल्यावर आणि नोंद पूर्ण झाल्यावर. मऊ कुंचला, सूक्ष्म धूळ अडवणारी गाळणी असलेला व्हॅक्यूम, आणि प्रत्येक चौकोनातली धूळ चाळून वेगळ्या पिशवीत. बॅज, बटणे, कापसाचे तंतू, यंत्राच्या पाट्या त्यातच निघतात. जमिनीवरचे तेल, खडूची अक्षरे आणि भिंतीला टेकून बसणाऱ्यांच्या डोक्यांचे डाग तसेच ठेवा.